कुंकवाखालचे मेण

सकाळची वेळ आहे. स्नान आटोपून आलेली घरातील सून देवघराकडे वळण्यापूर्वी कोनाड्यातील आरशापुढे क्षणभर उभी राहते, ओल्या केसांवरून पदर सारते आणि एक लहानशी डबी उघडते. उजव्या हाताची अनामिका डबीतील मेणावर दोनदा फिरते, मग भुवयांच्या मध्यावर वाटोळी फिरते. पाठोपाठ चिमूटभर कुंकू त्या मेणावर दाबले जाते, आणि कडेला सांडलेली पूड पदराच्या टोकाने टिपली जाते. नाकावर थोडे कुंकू पडलेच तर ते पुसण्याची घाई नसते. कारण नाकावर पडलेले कुंकू हे नवऱ्याच्या प्रेमाचे चिन्ह, अशी बायकांची समजूत आहे. सारे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. शहरातील घरांतून हा देखावा आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांनी त्याची जागा घेतली आहे. तथापि ज्यांचे आजोळ चिखली, मेहकर, खामगाव अशा गावी होते, त्यांना ती डबी, तिच्या झाकणावरचे बोटांचे लाल ठसे आणि आतल्या मेणाचा मंद, मधासारखा वास अजून आठवत असेल.

कुंकवाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. ओव्यांत ते आहे, उखाण्यांत आहे, शपथेत आहे. नवऱ्याला 'कुंकवाचा धनी' म्हणणारी भाषाच मुळी आपली. परंतु ज्याच्या आधारावाचून ते कुंकू घटकाभरही कपाळावर टिकले नसते, त्या मेणाची गोष्ट सहसा कोणी काढीत नाही. मेण खाली राहते, दिसत नाही, आणि दिसले तर कुंकू नीट लागले नाही असे समजावे.

हे मेण येते कोठून? बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मधून अजिंठ्याच्या डोंगराची धार जाते. तिच्या वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा 'घाटावरचा' मुलूख, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा 'घाटाखालचा'. उत्तरेस जळगाव-जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग आहे, आणि तेथेच अंबाबरव्याचे अरण्य आहे. घाटाच्या अंगाला, बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, ज्ञानगंगेचे जंगल आहे. असल्या रानांत उंच झाडांच्या आडव्या फांद्यांना आणि कड्यांच्या कपारींना आग्या माश्यांची मोठमोठी मोहोळे लोंबतात. झाडांच्या ढोलीत सातेरी माशी आपली पोळी एकाआड एक बांधते. मोहोळ झाडणे हे धाडसाचे काम असून ते डोंगराळ भागातील लोकांकडे परंपरेने चालत आले. जळगाव-जामोदच्या बाजूला राहणाऱ्या निहाल लोकांची तर एक नवलाची गोष्ट आहे. त्यांच्या निहाली भाषेचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी अद्याप निर्विवादपणे जुळलेले नाही. भाषाशास्त्रज्ञांच्या दृष्टीने एवढा मोलाचा ठेवा एका तालुक्याच्या कडेला, कोणाच्या फारशा खिजगणतीत नसताना, जिवंत राहिला आहे. असो, विषय मेणाचा आहे.

तरुण कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे पाझरतात; माशी ते पायांनी ओढून काढते, चावून मऊ करते आणि त्यांचीच षट्कोनी घरे बांधते. हे मेण तयार करावयाला माशीला त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. मध पिळून काढल्यावर पोळ्याचा जो चोथा उरतो, तो पाण्यात घालून मंद आचेवर तापवितात. मेण वितळून वर येते, फडक्यातून गाळले जाते आणि निवल्यावर पाण्यावर पिवळसर वडी धरते. ही वडी तशीच बोटाला लागत नाही. फार कठीण असते. म्हणून ती पुन्हा वितळवून तिच्यात थोडे खोबरेल किंवा तिळाचे तेल मिसळतात आणि गरम असतानाच डबीत ओततात. झाले कुंकवाचे मेण.

ही कृती ऐकावयास सोपी. पण सारी मेख तेलाच्या प्रमाणात आहे. मोहोळाचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. मात्र त्याच्या बऱ्याच आधी, पस्तीस अंशांच्या आसपास, ते मऊ आणि लवचिक होऊ लागते. माणसाच्या कपाळाची ऊबही साधारण तेवढीच. म्हणजे हा पदार्थ कपाळासाठीच निर्माण झाला असावा, असे वाटावे इतका हा मेळ आहे. परंतु वैशाखात घाटाखाली, शेगाव-खामगावकडे, पारा ४२ ते ४५ अंशांवर चढतो. त्या उन्हात पाण्याला गेलेल्या बाईच्या कपाळावर अधिक तेलाचे मेण पाघळते आणि कुंकवाचा ओघळ भुवईवर येतो. उलट मार्गशीर्षातल्या पहाटे, घाटावरच्या गारठ्यात, कमी तेलाचे मेण डबीत दगडासारखे बसते आणि बोटाला लागत नाही. म्हणून जाणती बाई उन्हाळ्याच्या मेणात तेल बेताने घालते आणि थंडीच्या मेणात थेंबभर अधिक. हे तिला कोणी शिकविलेले नसते. सासूच्या डबीत जसे असते, तसे तिला हवे असते, एवढेच.

हेच ज्ञान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी निराळ्या कामासाठी, माणसांनी मिळविलेले आहे. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर फेसाळ लाटांच्या पाठीवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याचा खेळ खेळतात. गुळगुळीत, ओल्या फळीवरून पाय निसटू नये म्हणून तिला मेण फासतात. कॅलिफोर्नियातील आल्फ्रेड गॅलंट नावाच्या तरुणाने १९३५ च्या सुमारास आईच्या जमिनीला लावावयाच्या मेणावरून ही युक्ती काढली, असे सांगतात. आज त्या खेळाडूंना थंड पाण्याचे मेण निराळे आणि उष्ण पाण्याचे निराळे घ्यावे लागते. आणि जुने मेण धूळवाळूने माखून कठीण झाले म्हणजे ते उन्हात मऊ करून, खरवडून, फळी कोरडी पुसून मगच नवे लावावे लागते. गुळगुळीत गोष्टीवर मेण लावून पकड आणावी, आणि ती पकड टिकावी म्हणून जुने वेळोवेळी काढावे, हा न्याय फळीला लागू आहे तसाच कपाळालाही. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वऱ्हाडातील बायका तो कितीतरी आधीपासून पाळीत आल्या आहेत.

आता काढण्याची गोष्ट. मेण पाण्यात विरघळत नाही. म्हणून नुसत्या पाण्याने तोंड धुऊन कालचे कुंकू जात नाही, त्याचा तांबूस डाग राहतोच. घाईघाईने ओल्या हाताने चोळले तर ते निघण्याऐवजी पसरते आणि सारे कपाळ लाल होते. त्याची रीत अशी: कापसाच्या बोळ्याला किंवा मऊ धुडक्याला तेलाचे बोट लावावे, ते जुन्या मेणावर हलके फिरवावे, मेण सुटू द्यावे, आणि आतून बाहेर न पुसता बाहेरून आत टिपून घ्यावे. मग डाळीचे पीठ किंवा शिकेकाई लावून तेलाचा अंश काढावा आणि कपाळ कोरडे करावे. तेल राहिले तर नवे मेण धरत नाही, घसरते. आणि जुने मेण राहिले तर नवे त्याच्यावर नीट बसत नाही. शिवाय आठ-आठ दिवसांचे थर साचले म्हणजे धूळ आणि घाम त्यात अडकतो, खालची त्वचा गुदमरते आणि पुटकुळ्या उठतात.

कुंकवाचीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. खरे कुंकू हळदीचे. हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांचे पूट देऊन ती सावलीत वाळवितात आणि दळतात. पिवळ्या हळदीचा रंग या खटाटोपात लाल होतो. हळदीच्या डागाला साबण लागताच तो तांबडा पडतो, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. कुंकू हे त्याच जातीच्या रसायनाचे घरगुती रूप आहे. मात्र बाजारात कुंकू म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे रंगविलेली पूड असते. काही कृत्रिम रंगांमुळे कपाळावर खाज, पुरळ आणि काळपट डाग येतात, हे त्वचारोगांच्या वैद्यांनी नोंदविलेले आहे. शेंदूर हा तर शिशाचा क्षार आणि हिंगूळ पाऱ्याचा. त्यांना रोजच्या कपाळावर जागा नसावी. टिकल्या आल्या तेव्हा ही सारी कटकट मिटली असे वाटले. परंतु टिकलीमागच्या काही डिंकांत असे द्रव्य असते की ज्याने कित्येकींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. ज्यांना तो पडला, त्यांना मेणाच्या डबीची आठवण झाली असल्यास नवल नाही. मोहोळाचे मेण या बाबतीत फारसे कोणाच्या वाटेला जात नाही.

डबीविषयी दोन शब्द. गरिबाघरी ती पितळेची किंवा लाकडाची, आणि बेतास बात असलेल्या घरी चांदीची. खामगाव हे चांदीच्या व्यवहाराचे जुने आणि नामांकित गाव. लोक त्याला कौतुकाने रजतनगरी म्हणतात. कैरीच्या आकाराची, म्हणून 'कोयरी' नाव पडलेली कुंकवाची डबी, दुघडी करंडा, आरसा-फणीसह सारे सामान सामावून घेणारी फणेरपेटी, या वस्तू लेकीच्या रुखवतात मांडल्या जात. त्यातले कुंकवाचे घर मोठे आणि मेणाचे लहान असते. पण आधी रिकामे होते ते मेणाचेच.

चिखलीकडच्या अशाच एखाद्या घराची कल्पना श्रोत्यांनी करावी. घरात नातीचे लग्न ठरले आहे. नात पुण्यात नोकरी करते, एरवी टिकली लावते किंवा लावीतही नाही. परंतु लग्नात मेणावरचे कुंकू लावावयाचे असे तिच्या मनाने घेतले आहे. आजी पेटीतून आपली कोयरी काढून देते. नात उत्साहाने बोट बुडविते आणि सकाळी लावलेल्या रंगावरच मेण फासू लागते, तेव्हा आजी तिचा हात धरते.

"आधी जुनं काढ माय, मंग नवं लाव. जुन्यावर नवं बसत नाही."

आजी तेलाचा बोळा कसा फिरवावा ते सांगते. मेण किती घ्यावे ते स्वतःच्या हाताच्या पाठीवर लावून दाखविते. बोट सफाईने वाटोळे फिरते आणि हरभऱ्याएवढा नेमका ठिपका उमटतो. नातीला ते काही केल्या जमत नाही. ती म्हणते, "आजी, तूच लावून दे ना."

आजी हात मागे घेते. "माह्या हातानं नको वं. तुह्या मायले बोलाव."

आजीच्या कपाळावर कुंकू नाही. तेथे लहानपणी गोंदलेला एक हिरवट ठिपका तेवढा आहे. वऱ्हाडातील पुष्कळ म्हाताऱ्या बायकांच्या कपाळी असे गोंदण असते. ते ना तेलाने निघते, ना पाण्याने, आणि म्हणून कोणी काढू म्हटले तरी काढू शकत नाही.

मराठी बोलीत एक मोठा विलक्षण संकोच आहे. बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ती 'वाढवली'. मंगळसूत्र तुटले असे म्हणत नाहीत, तेही 'वाढवले'. आणि रोज सकाळी जे केलेच पाहिजे, त्या जुने कुंकू काढण्याला तर नावच नाही. 'कुंकू पूस' असे सवाष्णीला कोणी म्हणणार नाही. 'तोंड धुऊन घे' म्हणतात, आणि तोंड धुतल्यावर कपाळ घटकाभरही मोकळे राहू नये अशी धडपड असते. शब्द इतका जपला, कारण त्या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक होता. रोजच्या कृतीचे दोन भाग आहेत: काढणे आणि लावणे. नवरा वारला त्या दिवशी त्यांतला पहिलाच केला जातो. पुष्कळ ठिकाणी तो करावयाला आधीच विधवा झालेल्या बायका पुढे होतात. तेथे तेलाचा बोळा नसतो, बाहेरून आत टिपण्याची सवड नसते; ओला हात फिरतो आणि मेणात बसलेले कुंकू कपाळभर पसरते. पुढे हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारपाजारच्या सवाष्णींना बोलावणे येते आणि हिच्या दारावरून ते पुढे जाते. लेकीच्या लग्नात ती पाठीमागे उभी राहते. आणि नातीच्या कपाळाला, उत्तम हात असूनही, बोट लावीत नाही.

या रूढीवर मराठीत जे अत्यंत तिखट पुस्तक निघाले, ते याच जिल्ह्यातील बाईने लिहिले. ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० चा, बुलढाण्याचा. वऱ्हाड तेव्हा निजामाचा मुलूख असूनही त्याचा कारभार इंग्रजांकडे लवकरच जाणार होता. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे पुढे बुलढाण्यास मुलकी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. मुलींना शाळेत घालण्याचा विचारही जेथे नव्हता, तेथे त्यांनी मुलीला घरी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःच्या अनौरस अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवर जी चिखलफेक सुरू झाली, तिला ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिले. हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे. त्यांचा प्रश्न सरळ होता. बायको मेली तर पुरुषाने थोड्याच दिवसांत दुसरी आणावी, आणि नवरा मेला तर बाईने जन्मभर तोंड लपवून बसावे, हा न्याय कोणत्या देवाने लावला? जे दुर्गुण बाईला चिकटवितात, ते पुरुषात नाहीत काय?

ताराबाईंच्या प्रश्नाला एक पदर आणखी आहे, आणि तो पुष्कळदा दृष्टिआड होतो. कुणबी, माळी इत्यादी समाजांत विधवेचा पाट लागत असे. रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता का होईना, तिच्या कपाळी पुन्हा मेण आणि कुंकू चढत असे. ज्या घराण्यांना आपण उच्चकुलीन असे वाटे, त्यांत मात्र पाट कमीपणाचा मानला जाई. म्हणजे घराची प्रतिष्ठा जितकी मोठी, तितकी त्या घरच्या विधवेची डबी अधिक घट्ट बंद. ताराबाई अशाच मराठा घराण्यातल्या होत्या; हे बंधन त्यांनी घरातून पाहिले होते. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर मात्र या पुस्तकाचा विसर पडला, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापीपर्यंत. ज्या गावी त्या वाढल्या, तेथील किती घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे, हे त्या गावाने स्वतःशीच पाहावे.

याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. लखुजी जाधवांची लेक जिजाऊ तेथे १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मली. शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले, त्या वेळी त्या सती जावयास निघाल्या होत्या आणि शिवाजीमहाराजांनी त्यांना परावृत्त केले, असे बखरीत येते. त्यानंतर त्या दहा वर्षे जगल्या, आणि राज्याभिषेक पाहून १६७४ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्या दहा वर्षांत त्यांना अशुभ समजण्याची छाती कोणाची झाली नसावी. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला दरवर्षी जो जनसमुदाय लोटतो, त्यात कपाळावर कुंकू नसलेल्या बायकाही असतात. आणि घरी परतल्यावर त्यांतल्या कित्येकींना मंगलकार्यात पाठीमागेच उभे राहावे लागते. ही विसंगती कोणाला बोचत नसेल, असे म्हणवत नाही.

शहरातील श्रोत्यांना हे सारे जुने वाटेल. १९३७ साली प्रभातचा 'कुंकू' पाहिलेल्या पिढीलाही ते जुनेच वाटले होते. परंतु २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. कापसाच्या कर्जापायी जे गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या बायका काही सत्तर वर्षांच्या नव्हत्या. पंचवीस-तीस वर्षांच्या, पदरी लहान मुले असलेल्या, सावकाराशी आणि बँकेशी एकट्याने बोलावयास निघालेल्या. रिकामे कपाळ घेऊन बाजारात, कचेरीत, एस.टी.च्या फलाटावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे. कित्येकींनी त्यावर मुकाट्याने एक तोड काढली: लहानशी काळी टिकली. कुंकू नव्हे, म्हणून कोणाला बोलता येऊ नये. आणि कपाळही मोकळे नसावे.

उघडपणे बोलण्याचे काम कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने केले. ४ मे २०२२ रोजी तेथील ग्रामपंचायतीने ठराव केला की पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. ठरावाने रूढी एका दिवसात जात नाही, हे खरे. तरी गावच्या सभेत 'कुंकू पुसणे' हे शब्द मोठ्याने उच्चारले गेले आणि कागदावर उतरले, हीच गोष्ट लहान नव्हे. ज्या कृतीला बोलीने नावसुद्धा दिले नव्हते, तिला आता नाव आहे, आणि नाव आले म्हणजे ती नाकारता येते.

कोणी म्हणेल, कुंकवाची एवढी चर्चा कशाला? लावू नये कोणीच. म्हणजे प्रश्न मिटला. ज्या स्त्रिया विचारपूर्वक ते लावीत नाहीत, त्यांचा मार्ग त्यांना मोकळा आहे, आणि त्यावर इतरांनी बोलण्याचे कारण नाही. परंतु स्वतः न लावणे निराळे आणि दुसऱ्याने पुसणे निराळे. चिखलीच्या त्या आजीने पन्नास वर्षे रोज सकाळी आरशापुढे उभे राहून जे केले, ते तिच्या हातचे एक कसब होते. मेण किती, दाब किती, कड कशी टिपावी, हे तिच्या बोटाला ठाऊक होते. ते कसब तिच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच हा प्रश्न आहे.

त्या घरात पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. आईला बोलाविले गेले. आई आली, दारात उभी राहिली, सासूच्या हाताच्या पाठीवर उमटलेला तो नेमका ठिपका तिने पाहिला, आणि म्हणाली, "आत्याबाई, मले तुमच्यासारखं जमत नाही. तुमीच लावा." आजी काही बोलली नाही. नात मात्र कपाळ पुढे करून तिच्यासमोर पाटावर बसून राहिली, आणि आईने आरसा धरला.

डबीतील मेण बरेच घट्ट झाले होते. आजोबा गेल्यापासून ती उघडलीच नव्हती. परंतु मोहोळाचे मेण सहसा नासत नाही. थोडा वेळ डबी तळहातात धरून ठेवली, ऊब लागू दिली, की ते पुन्हा बोटाला येते.